छटाकचं वजन का वाढेना

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. माझ्या बायकोचा, कुसुमचासुद्धा नाही, आणि ती तर त्या वेळी माझ्या शेजारी, माझा दंड गच्च धरून बसली होती. तिचं म्हणणं असं, की ऐन वेळी तिने डोळे मिटले होते. म्हणजे पुण्यात या घटनेला साक्षीदार दोन. एकीचे डोळे मिटलेले, आणि दुसरा मी. इतिहासातल्या पुष्कळ मोठ्या घटनांची अवस्था याहून बरी नसावी.

तरी एक लक्षात घ्या. मी चौतीस वर्षं सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे माझं काम. अशा माणसाचं वाघाच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तर सोडून द्यायला हरकत नसावी.

प्रश्न उपस्थित केला पूर्वाने. गेल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ती आमच्या कसब्यातल्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आली, पाणी प्यायली, पिशवीतून एक फॉर्म काढला आणि म्हणाली, "काका, छटाक गेले वीस दिवस सहाशे चाळीस ग्रॅमच आहे. असं कसं होईल?"

पूर्वा आठवड्यातले पाच दिवस संगणकाच्या कंपनीत असते आणि उरलेले दोन दिवस पुण्यातली अनाथ मांजरं गोळा करते. तिची एक संस्था आहे. पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत कोणाकडे तरी ठेवायचं, त्याला ही मंडळी 'फॉस्टर' म्हणतात. जानेवारीत तिने आमच्याकडे तीन पिल्लं ठेवली. "काका, फक्त पंधरा दिवस," असं म्हणाली होती. मी त्यांना जुन्या वजनांची नावं देऊन खात्याशी इमान राखलं. मोठा पावशेर, मधला नवटाक, आणि सगळ्यात लहान, माझ्या तळहातात मावून वर जागा उरणारी, ती छटाक.

संस्थेचा नियम असा, की पिल्लू सातशे ग्रॅमचं झालं की त्याला लस टोचायची आणि कायमच्या घरी धाडायचं. पावशेर आणि नवटाक गेले. छटाकसाठी विश्रांतवाडीचं एक कुटुंब तयार होतं. तयार म्हणजे किती, तर त्यांनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचं तीन मजली घर आणून ठेवलं होतं आणि रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर विचारायचे, "आज किती?" जणू मी सोन्याचा भाव सांगणार.

मग आपणच का नाही ठेवून घेत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. फॉर्ममध्ये अकरावं कलम आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पिल्लू कायमचं देत नाहीत. मला चौऱ्याहत्तर चालू आहे. "मांजर अठरा वर्षं जगतं हो, काका," पूर्वा म्हणाली होती. इतक्या हळुवारपणे म्हणाली, की तिने ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी बेरीज केली. ब्याण्णव येतात. ब्याण्णव काही अशक्य आकडा नाही, पण छापील फॉर्मला कोणाचा आशावाद परवडत नाही.

तर, वजन का वाढत नाही?

"पूर्वा," मी म्हणालो, "याला कारण वाघीण आहे."

समोरच्या खुर्चीत दीनानाथ बसला होता. हा आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. चाळीस वर्षं किराणा मालाचं दुकान चालवलं, आता बंद केलंय. पिल्लं त्याच दुकानातल्या रिकाम्या पोत्यांत सापडली, म्हणून तो स्वतःला त्यांच्या आजोळचा समजतो आणि रोज पाच वाजता नातवंडांना भेटायला म्हणून आमच्याकडे चहाला येतो. मला तो अजून 'साहेब' म्हणतो. त्यातला आदर मला कधी सापडलेला नाही.

"वाघीण," दीनानाथ म्हणाला. "बसा हो पूर्वाताई. साडेसहापर्यंत काही सुटका नाही."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि सुरुवातीपासून सांगितलं.

विदर्भातल्या एका राष्ट्रीय उद्यानाची सफारी आम्ही ऑक्टोबरातच आरक्षित करून ठेवली होती. उद्यानाचं नाव विचारू नका. तिथल्या एका माणसाच्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. ते आरक्षण म्हणजे फार कडक प्रकरण असतं. नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही, वाघ दिसेल याची हमी नाही, आणि ओळखपत्रावरचा चेहरा आपलाच आहे हे सकाळी सहाला सिद्ध करावं लागतं. पिल्लं आली पाच जानेवारीला. सफारी होती वीसची. तेवढे दिवस कोणाकडे तरी त्यांना ठेवावं म्हणून मी आख्ख्या इमारतीत विचारून आलो. ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं, सल्ला द्यायला सगळे होते. एकाने गाईचं दूध द्या म्हणून सांगितलं, एकीने गाईचं अजिबात देऊ नका म्हणून. तळमजल्यावरच्या मथुराबाईंनी पिल्लांच्या पोटाला हिंग लावायला सांगितलं आणि दीनानाथने शिरा.

"तुपातला," दीनानाथ म्हणाला. "मी तुपातला म्हटलं होतं."

शेवटी आमच्या चौदा वर्षांच्या गाडीत पुढे आम्ही दोघं आणि मागे भाजीच्या टोपलीत तिघं, असे निघालो. शिवाय गरम पाण्याची पिशवी, दुधाच्या पावडरीचा डबा, तीन सिरिंज, कापूस आणि माझा वजनकाटा. कापूस कशाला, ते सांगणं भाग आहे. इतक्या लहान पिल्लांना आपली आपण शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर ओल्या कापसाने पुसावं लागतं, दर तीन तासांनी, प्रत्येकाला. ज्या माणसाला पाहून एके काळी आख्खी मंडई चिडीचूप व्हायची, तो माणूस नगरच्या पुढे एका रसवंतीच्या बाकावर बसून हे करत होता, आणि रसवंतीवाला गिऱ्हाइकांना सांगत होता, "डॉक्टर आहेत."

मी तो गैरसमज दूर केला नाही.

जालन्याच्या अलीकडे काट्याचे सेल संपले. सकाळ-संध्याकाळ वजन करून संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ही पूर्वाची सक्त ताकीद. म्हणून एका गावात गाडी थांबवली आणि छटाकला घेऊन एका दुकानात गेलो. "हिचं जरा वजन करून द्या," म्हटलं. दुकानदार भला माणूस. त्याने काटा पुसून पुढे केला. आता सवय ही काही निवृत्त होत नाही. मी पिल्लू ठेवण्याआधी काटा उलटा करून खालचा शिक्का पाहिला. मुदत संपून सात महिने झालेले. मी फक्त "अरेरे" म्हणालो. एवढंच. पण 'अरेरे' म्हणण्याची एक खात्याची पद्धत असते. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने शेजाऱ्याला हाक मारली, शेजाऱ्याने पलीकडच्याला, आणि मी छटाकला काट्यावर ठेवेपर्यंत त्या रस्त्यावरची चौदा दुकानांची शटरं एकामागून एक खाली ओढली गेली. भर बाजाराच्या दिवशी! मी हातात दोनशे बारा ग्रॅमचं पिल्लू घेऊन निर्मनुष्य रस्त्यावर उभा, आणि समोर कुसुम गाडीची काच खाली करून म्हणतेय, "सेल मिळाले का?"

"सेलचं दुकानही बंद झालं होतं," कुसुम स्वयंपाकघरातून म्हणाली. हे तिने कबूल केलं, याची नोंद घ्यावी.

पुढे समृद्धी महामार्ग. तिथे वाटेत थांबायला मनाई आहे. ती मनाई पिल्लांना माहीत नव्हती. पावशेरने तर वेळ झाल्याबरोबर टोपलीतून असा टाहो फोडला, की मी गाडी कडेला घेतली. पाचव्या मिनिटाला गस्तीची गाडी आली. "काका, बंद पडली का?" म्हटलं, "नाही, पंगत बसली आहे." त्या जवानाने आत डोकावून पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं, शिट्टी खिशात घातली, आणि नवटाकला स्वतःच्या हाताने आठ मिली दूध पाजून आम्हाला सलाम करून गेला. त्याच्या घरी म्हणे नुकतीच मुलगी झाली होती.

"हे खरं?" पूर्वाने विचारलं.

"सलाम नव्हता केला," कुसुम म्हणाली. "बाकी खरं."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मुक्कामाला पोहोचलो आणि छटाकने दूध प्यायचं सोडलं.

पावशेर, नवटाक ओढून ओढून पीत होते. ही तोंड फिरवायची. मुक्कामाच्या गावी सेल मिळाले होते. संध्याकाळी दोनशे चार भरली. सकाळी एकशे शहाण्णव. मी आयुष्यात लाखो वजनं पाहिली असतील, पण आठ ग्रॅम म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आठ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. एवढं तिच्यातून निघून गेलं होतं, आणि तिच्या पाठीचा कणा माझ्या बोटांना मण्यांसारखा लागत होता. फोनला तिथे रेंज नव्हती. मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलो, नवव्या पायरीवर एक रेघ आली, आणि तिथून पूर्वाला फोन लावला.

"तू काय म्हणालीस? आठवतं?"

"एकटं ठेवू नका म्हटलं," पूर्वा म्हणाली. "अंगाशी धरा, ऊब द्या."

"बरोबर."

"काका, जंगलात न्या असं नव्हतं म्हटलं!"

पण अंग तर जंगलात जाणार होतं. कुसुम म्हणाली, तुम्ही जा, मी थांबते. मी म्हटलं, तू ऑक्टोबरपासून वाट पाहतेयस. ती म्हणाली, मग तुम्ही थांबा. असं दोघांनी एकमेकांसाठी अर्धा तास त्याग केला आणि शेवटी पावशेर-नवटाकला पोटभर पाजून, गरम पिशवीवर झोपवून आम्ही दोघंही निघालो. छटाक माझ्या माकडटोपीत, माकडटोपी स्वेटरच्या आत, स्वेटरवर कोट.

फाटकावर तपासणी. मोबाईल जमा, खायचं जमा. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि नेमकं तेव्हा आतून बारीक आवाज आला. मी खोकलो. पुन्हा आवाज, पुन्हा खोकला. पहारेकरी म्हणाला, "काकाजी, तुमचा खोकला लई बारीक हाय. दवाखान्यात दाखवा." आणि सोडलं.

आमची मार्गदर्शक विजयमाला नावाची तिथल्याच गावची बाई होती. जीप दोनशे पावलं गेली नसेल, ती मागे वळून हळूच म्हणाली, "काय आणलं जी तुम्ही?" मी कोटाचं एक बटण काढून दाखवलं. तिने पाहिलं. जीप परत फिरवायला सांगेल असं वाटलं. पण ती बराच वेळ त्या टोपीतल्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे राहते का जी?" म्हणजे, जगेल का.  तिने स्वतःच्या हाताने ते बटण परत लावलं.

आता मी जे सांगतो त्यात माझी काही करामत नाही.

पूर्वा, तू ते जंगल पाहायला हवं होतंस. उजाडत होतं. बांबूच्या बेटांमधून धुकं असं जमिनीलगत सरकत होतं, की झाडं पाण्यात उभी वाटावीत. मोहाच्या फांदीवर वानरं कुडकुडत बसलेली. थंडी इतकी, की छातीशी ते एकशे शहाण्णव ग्रॅम सोडले तर बाकी मला माझं अंग जाणवत नव्हतं. आणि मग सांबर ओरडलं. एकदाच. वानरं वर चढली. चालकाने इंजिन बंद केलं. त्यानंतर जी शांतता पसरली तशी शांतता मी कसब्यात चौऱ्याहत्तर वर्षांत ऐकलेली नाही. माझं घड्याळ मला ऐकू येत होतं.

ती रस्त्यावरून आली. झुडपातून बिडपातून नाही, सरळ रस्त्याच्या मधून, स्वतःच्या घरच्या पडवीतून चालत यावं तशी. पावलांचा आवाज शून्य. एवढं मोठं जनावर, एकशे चाळीस किलो, फार तर पाचशे ग्रॅम कमीजास्त, आणि वाळलेल्या पानांना पत्ता नाही. खांदे आलटून पालटून वर येत होते. तीस फुटांवर आली. वीस. दहा. कुसुमने माझा दंड धरला आणि डोळे मिटले.

"मिटले होते," कुसुम म्हणाली. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

आणि त्या क्षणी छटाक ओरडली.

बारीक, फाटका आवाज. खोकण्याचं मला सुचलं नाही. वाघीण थांबली. कान पुढे आले. तिने मान वळवली आणि माझ्या कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, हे मी शपथेवर सांगतो. सरकारी नोकरीत माझ्याकडे पुष्कळांनी आरपार पाहिलेलं आहे, पण असं कोणी नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भूक नव्हती. त्या डोळ्यांपुढे आपण किती किरकोळ आहोत हे कळून मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. मग ती दोन पावलं पुढे आली, जीपच्या पत्र्याला तिच्या मिशा लागतील इतकी, आणि तिने नाकातून आवाज काढला. फुर्र, फुर्र. विजयमाला कुजबुजली, "पिल्लांशी बोलते तवा अशी करते जी."

आणि माझ्या छातीवर काहीतरी सुरू झालं. आधी वाटलं माझंच हृदय. पण ते छटाकचं गुरगुरणं होतं. दोन आठवड्यांत ती कधी गुरगुरली नव्हती. तेवढ्याशा जिवातून शिलाई मशीनसारखा आवाज निघत होता. बाहेर तो केवढा घसा, आत हा एवढासा, आणि दोघी एकमेकींशी काय बोलत होत्या ते मधे बसलेल्या मला काही कळत नव्हतं. अकरा मिनिटं ती तिथे बसली.

"बसली?" दीनानाथ म्हणाला.

"बसली. पुढचे पंजे असे जोडून."

"चहा घेतला का तिने?"

मी दुर्लक्ष केलं. ती उठली, बांबूत शिरली आणि एका पावलात नाहीशी झाली. विजयमालेने पदराने डोळे पुसले. मी कोटात हात घातला, तर छटाक माझ्या सदऱ्याचं बटण चोखत होती. खोलीवर आल्यावर ती नऊ मिली दूध प्यायली. संध्याकाळी दोनशे एक. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. मी पुन्हा शिडीच्या नवव्या पायरीवर चढून पूर्वाला आकडा कळवला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो, कारण खाली कुसुम होती आणि मला तोंड धुतल्याशिवाय उतरायचं नव्हतं.

इथे मी थांबलो. पूर्वाचे डोळे चमकत होते.

"पण काका," तिने भानावर येत विचारलं, "मग आता वजन का वाढत नाही?"

"तेच तर सांगतोय," मी म्हणालो. "त्या दिवसापासून ही स्वतःला वाघीण समजते. वाघाची जात सावकाश वाढते. त्यांना दोन दोन वर्षं लागतात आईला सोडायला. घाई करून चालत नाही."

"तुम्हीच ग्रुपवर लिहिता की ती दिवसातून पाच वेळा खाते."

"खाते. पण अंगी लावून घेत नाही. मन मोठं झालंय, अंग थांबलंय."

तेवढ्यात छटाक कपाटावरून खाली उतरली. धप्प असा आवाज झाला. दीनानाथने आधी तिच्याकडे, मग खालच्या फरशीकडे पाहिलं.

"काटा आणा काका," पूर्वा म्हणाली. "माझ्यासमोर करू."

मी काटा आणला. नवे सेल घातलेला, शून्यावर स्थिर, पाहून घ्या म्हटलं. वर तीच भाजीची टोपली ठेवली, तिचं वजन वजा केलं, आणि छटाकला आत बसवलं. ती लगेच अंग पसरून बसली आणि माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले. उडी मारेल म्हणून मी एका हाताने टोपली धरून ठेवली. आकडे वर गेले, खाली आले, थरथरले. मीही श्वास रोखला होता. आकडा थांबला.

"सहाशे चाळीस," मी म्हणालो. 

पूर्वाने वाकून आकडा पाहिला. छटाककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिने विश्रांतवाडीचा फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "अजून एक महिना तुमच्याकडे राहू दे. तसं लिहिते."

कुसुमने रिकामे कप उचलायला घेतले. दीनानाथने आपल्या कपातला शेवटचा घोट संपवला, बशी कपाखाली सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि पुढे वाकून, अगदी गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा दुकानदारी आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"साहेब, टोपलीखालचा अंगठा काढा."